बी.ए. झालेल्यांना कोण विचारतो?

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. गुण भरपूर असतील तर विज्ञान, जरा कमी असतील तर वाणिज्य, आणि दोन्हीकडची दारे बंद झाली तर कला. गुजरात बोर्डाच्या परिभाषेत विज्ञान सोडून उरलेले सारे ‘सामान्य प्रवाह’ या एकाच नावाखाली येते. आपण त्या ‘सामान्य’चा अर्थ शब्दशः घेतला आहे. मुलीच्या बाबतीत तर आणखी एक पुस्ती जोडली जाते : ‘लग्न ठरेपर्यंत करू दे की बी.ए.’ ज्यांचे आजे-पणजे गायकवाडी अमलात, रेल्वेत, टपालखात्यात, कोर्टकचेरीत किंवा शाळाखात्यात नोकरीनिमित्त इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले, त्या सुरतेच्या जुन्या मराठी घरांत ही उतरंड आता कोणी तपासूनही पाहत नाही. ती चुकीची आहे, आणि ज्या कारणासाठी ती बरोबर मानली जाते ते कारणही अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे.

विरोधी बाजू दुबळी आहे असे मात्र आम्ही मानत नाही. घरोघरी ती जितकी मांडली जाते त्याहून ती अधिक भक्कम आहे. २०२३ च्या मे महिन्यात गुजरातेत तलाटी-कम-मंत्री या पदासाठी परीक्षा झाली. जागा ३,४३७ आणि अर्ज सुमारे १७ लाख. त्या वेळी या पदाला बारावी उत्तीर्ण एवढीच अट होती. पुढे सरकारने पदवीची अट घातली. म्हणजे जी नोकरी काल बारावीवर मिळत होती ती आज पदवीवर मिळेल. यात पदवीची किंमत वाढलेली नाही, बारावीची उतरली आहे. त्याच २०२३ साली राज्य सरकारने शाळांसाठी ‘ज्ञान सहायक’ योजना आणली. करार अकरा महिन्यांचा. महाराष्ट्राकडे पाहावे तर तेथेही नेट-सेट उत्तीर्ण झालेले असंख्य तरुण महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत; जितके तास तितके पैसे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाहीत. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी वा गुजराती घेऊन पदवीधर झालेल्याची परंपरागत वाट म्हणजे मास्तरकी; ती अशी अरुंद झाली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘ज्ञानासाठी ज्ञान’ हे सुभाषित सांगून या पालकांचे समाधान करावे, असेही आम्हांस वाटत नाही. ज्या नर्मदचे नाव २००४ पासून आपल्या विद्यापीठाला लावले गेले, त्याने १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीच्या आश्रयाने जगण्याचा निश्चय केला. ‘नर्मकोश’ त्याने एकहाती रचला. आणि चोवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, तो निश्चय मोडून त्याला मुंबईत नोकरी पत्करावी लागली. आज शहर त्याचे नाव अभिमानाने मिरवते. त्याच्या हयातीत त्याच्या चुलीची चिंता किती जणांनी वाहिली, हे विचारण्याची सोय नाही. तेव्हा वाङ्मयाने पोट भरते असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा आक्षेप वस्तुस्थितीवर नसून तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे. ‘नोकरी नाही, अर्थात गरज नाही’ हा तो निष्कर्ष. आमचे म्हणणे असे की, काम आहे, पद नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे सगळा दोष सतरा वर्षांच्या मुलाच्या निवडीवर ढकलला जातो, आणि ज्यांनी पदे निर्माण करायची ते नामानिराळे राहतात.

काम आहे याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. १९९४ च्या सप्टेंबरात आपल्या शहरात प्लेग आला. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या होत्या, इस्पितळे होती. तरीही अवघ्या काही दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. रोगाचे निदान वैद्यकाने केले. परंतु माणसे का पळाली, कोण आधी पळाले आणि कोणाला पळणेही परवडले नाही, मागकामगार कोणत्या वस्तीत किती जणांच्या खोलीत राहत होते, त्या वस्त्यांतले पाणी आणि कचरा कोणाच्या जबाबदारीत होता, या प्रश्नांची उत्तरे सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. ती शोधली समाजशास्त्रज्ञांनी. आपल्या सुरतेतच, विद्यापीठाच्या परिसरात, सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संस्था आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये तिचा पाया घातला. तिचे संचालकपद भूषविलेल्या घनश्याम शहा यांचा सुरतेच्या प्लेगवरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक आरोग्य आणि नगरविकास यांचा संबंध त्यात उलगडला आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त झाल्यावर शहराने जी कात टाकली तिचे कौतुक आपण पाहुण्यांना ऐकवतो. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूरबरोबर मिळालेला पहिला क्रमांकही ऐकवतो. या संस्थेचे नाव मात्र आपल्यापैकी किती घरांत माहीत आहे? ग्रामीण गुजरातेतील अस्पृश्यतेचा देसाई यांनी केलेला अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. जान ब्रेमन यांच्यासारखा डच अभ्यासक दक्षिण गुजरातच्या शेतमजुरांवर आणि स्थलांतरित कामगारांवर पुस्तकांमागून पुस्तके लिहितो. जगाने आपल्या अंगणाचा अभ्यास करावा आणि आपल्या मुलांना त्या अभ्यासाचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाही.

दुसरे उदाहरण संपूर्ण देशाचे आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारने सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणना हाती घेतली. त्या माहितीचे काय झाले, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्राने दिलेल्या प्रतिज्ञापत्रातून कळले. १९३१ च्या जनगणनेत जातींची संख्या ४,१४७ होती. या गणनेत ती ४६ लाखांहून अधिक निघाली! देशात जाती वाढल्या नव्हत्या. कोणी पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी गोत्र, कोणी आडनाव. एकाच नावाची दहा वर्णलेखने झाली. आणि जे कानावर पडले ते यंत्रात गेले. यंत्रे उत्तम होती, यंत्रे चालविणारेही होते. जात म्हणजे काय आणि ती विचारायची कशी, हे जाणणारा माणूस त्या साखळीत योग्य जागी नव्हता. एवढा खर्च, एवढी वर्षे, आणि हाती निरुपयोगी आकडे.

याच्या शेजारी एक जुने चित्र ठेवून पाहावे. १९५३ मध्ये पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला तेव्हा त्याचे अध्यक्षपद काकासाहेब कालेलकरांकडे आले. साताऱ्यात जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयाचे तत्त्वज्ञानाचे पदवीधर, आणि गांधीजींनी ज्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले असे हे आपलेच, म्हणजे आपल्यासारखेच गुजरातेत रुजलेले मराठी गृहस्थ. त्यांच्या आयोगाने १९५५ मध्ये २,३९९ मागास जातींची यादी दिली. तिच्या शिफारशींविषयी वाद झाले आणि सरकारने त्या स्वीकारल्या नाहीत, हा भाग वेगळा. परंतु मर्यादित साधनांनिशी त्या मंडळींनी वाद घालण्याजोगी यादी तरी तयार केली. २०११ च्या आकड्यांवर वादही घालता येत नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणाऱ्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. लिंबायतच्या चाळीत राहणाऱ्या खानदेशी माणसाने सांगितलेली जात कोणत्या रकान्यात घालायची, हे सांगू शकणारा समाजशास्त्राचा पदवीधर आपल्याला तेव्हा हवा असेल की नसेल?

तिसरे उदाहरण तर आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेतले आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. जुनी दप्तरे उघडली, तर कितीतरी कागद मोडीत. जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीला आपण ‘आता तिचा काय उपयोग’ म्हणून निकालात काढले होते, तिच्या जाणकारांवाचून लाखो माणसांच्या हक्कांची कागदपत्रे मुकी झाली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून हेच कागद गोळा करीत होते, तेव्हाही त्यांना हाच प्रश्न विचारला गेला असेल. गायकवाडी नवसारी प्रांतात कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा, सोनगड हे आपल्या भोवतालचे तालुके होते. वडोदऱ्याच्या दफ्तरखान्यात मोडी रुमाल आहेत. ते वाचणारे हात जुन्या पिढीबरोबर जात आहेत, आणि नवे हात तयार करण्याची निकड आपल्याला वाटत नाही.

असे काम असता पद का नाही? येथे राज्यकर्त्यांकडे बोट दाखवणे भाग आहे. आम्ही राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य घालवले आहे, म्हणून हे अधिक जबाबदारीने लिहितो. भूसंपादनाची फाईल मोजणीवर क्वचित अडते. ती अडते ती कूळ कोण, वारस कोण, गावाची गुरे कोणत्या वाटेने जातात, बायकांच्या नावे काय आहे, उठवलेल्या वस्तीला नव्या जागी शेजार कोणाचा मिळणार, अशा गोष्टींवर. उकाईच्या जलाशयाने उच्छल-निझर भागातील आदिवासी गावे उठली, तेव्हापासून हा धडा आपल्यासमोर आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘सामाजिक परिणाम मूल्यांकन’ सक्तीचे केले, तेव्हा समाजशास्त्राच्या पदवीधराला कायद्याने प्रथमच एक निश्चित काम दिले. आणि २०१६ मध्ये गुजरात सरकारने दुरुस्ती करून अनेक प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट दिली. एका हाताने महाविद्यालये काढायची आणि दुसऱ्या हाताने तेथून बाहेर पडणाऱ्यांचे काम कमी करायचे, असा हा कारभार. उद्योगांची गोष्टही फारशी निराळी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ती कोठे आणि कशी खर्च व्हावी, हे गावात जाऊन पाहून ठरवणारा माणूस नेमण्यापेक्षा शाळेला बाके देऊन छायाचित्र काढणे सोपे पडते.

पद निर्माण करणे हे राज्यकर्त्याचे काम असते, हे आपल्या पूर्वजांनी ज्याची चाकरी केली त्या सयाजीरावांना उमगले होते. १८८८ मध्ये पदवीधर झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांना त्यांनी १८८९ मध्ये आपल्या पदरी घेतले. वाचन करून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, प्रवासात सोबत असणे अशी ती नोकरी. तिच्या आधारावर ‘रियासत’ उभी राहिली. १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. १९१३ मध्ये त्याच सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र हे विषय अभ्यासले. भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध १९१६ चा, वयाच्या पंचविशीतला. पुढच्या वर्षी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तर त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. महाराजांनी पद दिले होते. समाजाने घर दिले नाही. तो समाज कोणाचा होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. समाजशास्त्र हा विषय ‘टाइमपास’ वाटणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा शांतपणे आठवून पाहावा.

आता ज्या शाखांना आपण हमखास समजतो त्यांच्याकडे वळू. संगणकक्षेत्रातील नोकरी म्हणजे जन्माचे कल्याण, अशी आपली समजूत. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. हिरे हा आपल्या शहराचा मानबिंदू. २००८ च्या मंदीत रत्नकलाकारांचे काय झाले ते आपण पाहिले, आणि २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लादले तेव्हा पुन्हा पाहिले. यावरून कोणी अभियंता होऊ नये असे सुचवायचे नाही. हमी कुठेच नाही, एवढेच म्हणायचे आहे. गंमत अशी की, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवड होणाऱ्यांत निम्म्याहून अधिक अभियंते असतात. परंतु २०१३ पासूनच्या मुख्य परीक्षेत त्यांना इतिहास, समाज, राज्यघटना आणि नीतिविचार यांवरच लिहावे लागते, आणि ऐच्छिक विषय म्हणूनही त्यांतील पुष्कळजण समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा मानववंशशास्त्र घेतात. म्हणजे चार वर्षे अभियांत्रिकीला मोजायची आणि पुढची तीन वर्षे, दिल्लीतल्या शिकवणीवर्गाला लाखो रुपये देऊन, तोच विषय शिकायचा जो इथे नाममात्र शुल्कात शिकता आला असता. हा हिशेब आपल्यासारख्या हिशेबी समाजाला पटतो कसा, याचे आम्हांस नवल वाटते.

आणखी एक आकडा. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांतील सुमारे ३४ टक्के विद्यार्थी कलाशाखेत होते. अभियांत्रिकीत सुमारे १२ टक्के. देशातील तिसरा हिस्सा तरुण ज्या शाखेत शिकतो ती वाया गेलेल्यांची शाखा, असे म्हणणे म्हणजे त्या तरुणांना अठराव्या वर्षीच मोडीत काढणे आहे. श्रीमंतांची मुले परदेशात जाऊन हेच विषय शिकतात तेव्हा ते ‘लिबरल आर्ट्स’ होते. लिंबायतची मुलगी शिकते तेव्हा ते ‘साधे बी.ए.’ राहते.

महाविद्यालयांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. ‘संभाव्य प्रश्न’ आणि गाईडे यांवर तीन वर्षे काढता येतात, एकही मूळ ग्रंथ न उघडता पदवी मिळते, आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी एकाही वस्तीत पाऊल न टाकता ‘वस्ती’ या विषयावर वीस गुणांचे उत्तर लिहितो. अशा पदवीधराला कोणी विचारीत नसेल तर त्यात विचारणाऱ्याचा दोष नाही. प्रश्नावली तयार करणे, माणसांशी बोलून खरे ते नोंदवणे, आकडे वाचणे, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेमके उतरवणे, जुना कागद लावून पाहणे, ही कौशल्ये आहेत आणि ती शिकवावी लागतात. ज्या विभागांत ती शिकवली जातात तेथील मुलांना काम मिळते. जेथे नुसते उतरवून घेतले जाते तेथील मुले तलाटीच्या रांगेत उभी राहतात.

शेवटी आपल्याविषयी. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्यांत आपली मुले नाहीत. आहेत ती तापी खोऱ्याच्या गाडीने भुसावळ-नंदुरबारकडून आलेल्या, उधना, लिंबायत, दिंडोलीत राहणाऱ्या कामगारांची. घरी अहिराणी, रस्त्यावर हिंदी, बाजारात गुजराती आणि पुस्तकात मराठी अशा चार भाषांत जगणारी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या मुलांना शिकवायला चांगली मराठी जाणणारा, त्यांची अहिराणी समजून घेणारा शिक्षक मात्र आपल्या घरातून निघणार नसेल, तर त्या दर्जाचे आपल्या शहरात करायचे काय? शिक्षक होणे आपल्याला कमीपणाचे वाटू लागले. मग शिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर राबवला जातो याविरुद्ध बोलायला आपल्याकडे तोंडही उरले नाही.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली पालकांना. कला की विज्ञान, एवढ्यावर न थांबता कोणते महाविद्यालय, तेथे कोण शिकवतो, पुस्तकालय उघडे असते का, क्षेत्रकार्य होते का, हे विचारावे. सोबत संख्याशास्त्राची ओळख आणि एक जास्तीची भाषा मुलाने घ्यावीच. ज्याला वाचनाचा कंटाळा आहे त्याला केवळ गुण कमी म्हणून या शाखेत ढकलू नये. आणि ज्या मुलीला तिची आवड आहे तिला लग्नाची प्रतीक्षा म्हणून नव्हे, तर पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च बाजूला काढून तेथे पाठवावे. दुसरी सूचना महापालिकेला व सरकारला. पुनर्वसन, आरोग्य, शाळा आणि जनगणना या कामांत समाजशास्त्राच्या पदवीधरांसाठी स्वतंत्र पदे असावीत. अकरा महिन्यांचे करार नकोत, नियमित पदे हवीत. ७ ऑगस्ट २००६ च्या पुरात अर्ध्याहून अधिक शहर पाण्याखाली गेले तेव्हा कोणत्या गल्लीत एकटी वृद्ध माणसे राहतात याची यादी किती कामाची ठरली असती, याचा विचार करावा.

तिसरी सूचना आपल्या मंडळाला, आणि ती सर्वांत सोपी आहे. गुणगौरव समारंभात कलाशाखेतील विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाच्या बरोबरीचे पारितोषिक ठेवावे. जुन्या कुटुंबांकडील मोडी कागद, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या यांची नोंद करण्याचे काम दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना रीतसर मानधन देऊन सोपवावे. सत्कार आणि श्रीफळ यांवर त्यांची बोळवण करू नये. रक्कम मोठी लागणार नाही. एका स्नेहभोजनाच्या खर्चात वर्षभराचे काम होईल. बी.ए. झालेल्यांना कोण विचारतो, असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो. निदान आपण तरी विचारू लागावे, म्हणजे इतरांना विचारा असे सांगण्याचा अधिकार आपल्याला येईल.